डोळ्यांनी माउस चालतो, पण कोणाच्या? हात न लावता चालणाऱ्या माउसवरचे पेपर कसे वाचायचे

पेटची तयारी करणाऱ्या, किंवा पेट होऊन आता सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींनो, आज एका फार लाडक्या विषयावरचं संशोधन वाचू. हात न लावता चालणारा माउस. वेबकॅम चेहरा बघतो, नाक हललं की पॉइंटर हलतो, डोळा मिटला की क्लिक होतं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये हा विषय हमखास दिसतो, आणि त्यातले बरेच प्रोजेक्ट पुढे सात-आठ पानांचे पेपर होऊन छापले जातात. एम.एस्सी. किंवा एम.सी.ए. करून पीएच.डी.कडे वळणाऱ्यांनाही तो जवळचा वाटतो: सामान स्वस्त, कोड तयार मिळतो आणि समाजोपयोगी म्हणायला सोपं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. या पेपरांत ज्याच्यासाठी माउस केला तो माणूस प्रस्तावनेच्या पहिल्या परिच्छेदात येतो आणि निष्कर्षाच्या शेवटच्या वाक्यात परत येतो. मधल्या सगळ्या पानांत तो कुठेच नसतो. त्यामुळे तक्त्यातले आकडे खरे असले तरी निष्कर्ष त्या आकड्यांतून निघत नाही. हे नेमकं कुठे घसरतं ते एकेक करून बघू. तुमचा विषय वेगळा असला तरी वाचायची पद्धत तीच लागते.

नेहमीचा पेपर

साचा असा असतो. आधी जनगणनेचा आकडा. मग पद्धत: चेहऱ्यावरचे ठरावीक बिंदू शोधायचे. डीलिब नावाची लायब्ररी वापरली तर ६८ बिंदू, मीडियापाइप वापरलं तर ४६८. नाकाच्या शेंड्याचा बिंदू पॉइंटरला जोडायचा. क्लिकसाठी पापणी. तिथे बहुतेक वेळा २०१६ मध्ये सौकुपोव्हा आणि चेख यांनी मांडलेलं आय अ‍ॅस्पेक्ट रेशो हे गुणोत्तर येतं. एका डोळ्याभोवती सहा बिंदू घ्यायचे, पापण्यांमधल्या दोन उभ्या अंतरांची बेरीज करायची आणि तिला आडव्या अंतराच्या दुपटीने भागायचं. डोळा उघडा असताना हा आकडा जवळपास स्थिर राहतो, मिटला की एकदम खाली येतो. एक उंबरठा ठरवायचा, समजा ०.२. त्याच्या खाली आकडा गेला की क्लिक.

कल्पना सुंदर आहे, यात वाद नाही. पुढे निकालाचा तक्ता: अचूकता ९५ टक्क्यांच्या आसपास. चाचणी कोणावर? आपल्याच वर्गातल्या दहा मित्रांवर. आणि निष्कर्ष: ही प्रणाली दिव्यांग व्यक्तींना उपयुक्त ठरेल.

आता पेन्सिल घ्या आणि समासात प्रश्न लिहायला लागा.

पहिला प्रश्न: आकड्यातली माणसं कोण?

२०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यात हालचालीचं अपंगत्व असलेल्या सुमारे ५४ लाख. हा ५४ लाखांचा आकडा प्रस्तावनेत टाकला की वाटतं, बापरे, केवढी गरज आहे.

पण हालचालीच्या रकान्यात पोलिओने एक पाय गेलेला माणूस येतो. तो तुमच्याआमच्यासारखाच हाताने माउस चालवतो. आपल्या भागात मणक्याची इजा म्हणजे काय हे वेगळं समजवायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने लोहारा आणि उमरगा तालुक्यांनी इमारतीखाली सापडलेली माणसं पाहिली आहेत. तर मणका कमरेपाशी दुखावला तर पाय जातात, हात शाबूत राहतात. मानेपाशी दुखावला तर हातही जातात. दोघेही जनगणनेत एकाच रकान्यात. पण तुमच्या माउसची गरज फक्त दुसऱ्याला.

२०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले. त्यात चलनवलनाच्या गटात सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, बरा झालेला कुष्ठरोग हे सगळे एकत्र येतात. हे तिन्ही माउसच्या बाजूने बघितले तर एकमेकांच्या उलट आहेत. मस्क्युलर डिस्ट्रॉफीत ताकद कमी होत जाते, पण जी हालचाल उरते ती बऱ्याचदा सरळ आणि नेमकी असते. सेरेब्रल पाल्सीत ताकद असते, पण मान नको तेव्हा वळते, नको तेव्हा ताठ होते. कुष्ठरोगाने फक्त बोटं वाकली असतील तर मान, डोळे, मनगट यांचा प्रश्न नसतो. तिथे मोठा ट्रॅकबॉलसुद्धा पुरू शकतो.

म्हणून प्रमाणपत्रावरचा ६० टक्के, ८० टक्के हा आकडाही इथे कामाचा नाही. तो काय गेलं ते सांगतो. आपल्याला काय उरलं ते हवं असतं: कोणती हालचाल ही व्यक्ती मनात येईल तेव्हा करू शकते, आणि मनात येईल तेव्हा थांबवू शकते? पेपरमध्ये हे वाक्य शोधा. नसेल तर तो पेपर कोणासाठी आहे हे लेखकालाही ठाऊक नाही.

दुसरा प्रश्न: डोळेच का?

हात गेले, मग डोळे, अशी उडी हे पेपर मारतात. मधल्या पायऱ्या सुटतात. हनुवटी, पाय, गाल, श्वास, एखादं बोट.

मुंबईच्या मालिनी चिब यांचं उदाहरण घ्या. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, जिचं नाव आता अडॅप्ट आहे. मालिनी चिब यांनी एका बोटाने टाइप करून आपलं आत्मचरित्र लिहिलं. ते २०१० मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्याचं नावच 'वन लिटल फिंगर' आहे. आता विचार करा, अशा व्यक्तीसमोर आपण पापणीवर चालणारा माउस घेऊन गेलो आणि म्हणालो, ही आधुनिक सोय घ्या. त्यांच्याकडे त्याहून भरवशाचं बोट आहे.

दुसरं उदाहरण जगाला माहीत असलेलं. स्टीफन हॉकिंग. डोळ्यांनी चालणारा कॉम्प्युटर म्हटलं की लोकांना हेच नाव आठवतं, आणि नेमकं तेच चूक आहे. हॉकिंग यांचा कॉम्प्युटर चालायचा गालाच्या एका स्नायूवर. चष्म्याला लावलेला सेन्सर गाल हलला की ओळखायचा. पडद्यावर अक्षरं एकामागून एक उजळत जायची, हवं ते आलं की गाल हलवायचा. म्हणजे पॉइंटर नव्हताच, होता फक्त एक स्विच. इंटेलच्या लोकांनी त्यांच्यासाठी डोळ्यांचा मागोवा घेणारं यंत्रही वापरून पाहिलं, पण पापण्या खाली झुकलेल्या असल्याने ते नीट लागू झालं नाही. पुढे इंटेलने हे सॉफ्टवेअर २०१५ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं.

आता मघाच्या गुणोत्तराकडे परत या. ०.२ चा उंबरठा हॉकिंग यांच्या झुकलेल्या पापणीला लावला असता तर? कायम क्लिक. वर्गातल्या दहा मित्रांत झुकलेल्या पापणीचा एकही नसतो, म्हणून तक्त्यात ९५ टक्के येतात.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रदीप्त बिस्वास यांच्या गटाने हे काम वेगळ्या क्रमाने केलं. चेन्नईच्या विद्यासागर संस्थेतल्या, बोलणं आणि हालचाल दोन्ही गंभीरपणे बाधित असलेल्या मुलांची नजर पडद्यावर कशी फिरते हे त्यांनी मोजलं. ती इतर विद्यार्थ्यांपेक्षा वेगळी आढळली आणि पडद्यावरच्या गोष्टींची मांडणी त्यानुसार ठरवली. आधी माणूस मोजला, मग पडदा. हा क्रम लक्षात ठेवा.

तिसरा प्रश्न: अचूकता कशाची?

तक्त्यातले ९५ किंवा ९९ टक्के बहुतेक वेळा चित्रचौकटीमागे असतात. म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रत्येक फ्रेममध्ये डोळा उघडा की मिटलेला हे यंत्राने बरोबर ओळखलं का.

साधा हिशोब करा. वेबकॅम सेकंदाला ३० फ्रेम देतो. मिनिटाला १,८००. अचूकता ९९ टक्के असली तरी मिनिटाला १८ फ्रेम चुकल्या. सलग तीन फ्रेम मिटलेल्या दिसल्या तरच क्लिक धरायचं, अशी गाळणी लावली तर यातल्या बऱ्याच चुका जातात. पण मग नैसर्गिक पापणी लवणं राहतंच. माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लववतो, आणि ती लववणं यंत्र अगदी अचूक ओळखतं. ओळख बरोबर, क्लिक चुकीचं. तक्त्यात हे यश म्हणून मोजलं जातं!

म्हणून विचारायचं ते असं: दहा मिनिटं काम करताना नको असलेली किती क्लिक झाली? आणि त्यातलं एखादं 'पाठवा' या बटणावर पडलं का?

नजरेच्या माउसबद्दल हा प्रश्न नवा नाही. रॉबर्ट जेकब यांनी १९९० मध्येच त्याला मिडासचा स्पर्श असं नाव दिलं. ग्रीक कथेतला तो राजा, ज्याला लावलेला हात सोनं करतो आणि शेवटी जेवताही येत नाही. डोळे बघण्यासाठी आहेत. बघितलं की क्लिक झालं, तर बघायचं कसं? यावरचा जुना उपाय म्हणजे थांबा-क्लिक, ज्याला ड्वेल म्हणतात: पॉइंटर एका जागी ठरावीक वेळ थांबला तरच क्लिक. पण वेळ कमी ठेवली की नको ते क्लिक होतं, जास्त ठेवली की प्रत्येक अक्षराला ताटकळावं लागतं. पॉइंटर हलवणं हा भाग पुष्कळसा सुटलेला आहे. अडकलेला भाग क्लिकचा आहे, आणि त्यावर पेपरात दोन ओळी असतात.

आणखी एक. शीर्षकात 'आय' असतं, पण पद्धतीत पॉइंटर नाकावर चालतो. हा फरक शब्दांचा नाही. पडद्यापासून ६० सेंटिमीटरवर बसलं तर नजरेतली एक अंशाची चूक म्हणजे पडद्यावर सुमारे एक सेंटिमीटर. चांगली इन्फ्रारेड यंत्रंसुद्धा अर्धा ते एक अंश चुकतात. खिडकी बंद करायची फुली जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची असते. साध्या वेबकॅमने नजरेवर ती फुली पकडणं अवघडच, म्हणून लोक नाकाकडे वळतात. वळायला हरकत नाही. पण मग मान हलवता येणं ही अट झाली, आणि ती अट शीर्षकाने लपवली.

एक चांगला पेपर, आणि त्यातही काय कमी आहे

नुसत्या चुका काढून वाचन शिकता येत नाही. म्हणून एक पेपर घ्या: मार्ग्रिट बेट्के, जेम्स गिप्स आणि पीटर फ्लेमिंग यांचा 'कॅमेरा माउस', २००२, आय-ट्रिपल-ई च्या पुनर्वसन अभियांत्रिकीच्या नियतकालिकातला. तंत्र आजच्या मानाने बाळबोध आहे. नाकाचा किंवा बोटाचा छोटा चौकोन चित्रातून कापून घ्यायचा आणि पुढच्या फ्रेममध्ये त्याच्याशी सर्वांत जुळणारी जागा शोधायची. ना न्यूरल नेटवर्क, ना ४६८ बिंदू.

पण सारांशातली दोन वाक्यं बघा. अपंगत्व नसलेल्या २० जणांनी हे वापरून पाहिलं आणि पटकन शिकले. गंभीर सेरेब्रल पाल्सी किंवा मेंदूला इजा असलेल्या १२ जणांनी वापरून पाहिलं आणि त्यातल्या ९ जणांना जमलं.

बारापैकी नऊ. टक्केवारीत ७५. आजकालच्या तक्त्यातल्या ९५ शेजारी हा आकडा फिका दिसतो. मला तो कितीतरी जास्त किमती वाटतो, कारण त्यात तीन जणांना जमलं नाही हे लिहिलेलं आहे. संशोधन त्या तिघांपासून पुढे जातं. दोन गट वेगळे मोजले, वेगळे लिहिले, त्यांची सरासरी काढून एक गोड आकडा तयार केला नाही. आणि २००७ पासून बोस्टन कॉलेजने ते सॉफ्टवेअर मोफत उपलब्ध केलं, म्हणजे पेपर छापून झाल्यावरही वापर चालू राहिला.

आता टीका. सारांशात 'यश' असा शब्द आहे, पण वेग नाही. अक्षर लिहायला किती वेळ लागला, किती पुसावी लागली, पंधरा मिनिटांनी मान दुखली का? जमलं आणि नाही जमलं या दोन खणांत माणसं टाकली की मधला सगळा तपशील जातो. कोणी तासाला एक वाक्य लिहितो, कोणी दहा लिहितो, दोघेही 'यशस्वी'. शिवाय 'पटकन शिकले' हे वाक्य २० जणांच्या गटाबद्दल आहे; १२ जणांना शिकायला किती लागलं हा प्रश्न त्याने मिटत नाही. मोठ्या आणि चांगल्या पेपरलाही असे प्रश्न विचारायचे असतात. त्याने पेपर लहान होत नाही.

वेग मोजायचा कसा?

इथे पॉल फिट्स यांचं नाव येतं. १९५४ मध्ये त्यांनी लोकांना हातातल्या काडीने दोन पट्ट्यांवर आळीपाळीने टकटक करायला लावलं, आणि दाखवलं की लागणारा वेळ अंतर आणि पट्टीची रुंदी यांच्या गुणोत्तरावर ठरतो. आज वापरात असलेलं सूत्र शब्दांत असं: अंतराला रुंदीने भागा, एक मिळवा, आणि त्याचा २ पायाचा लॉग घ्या. हे झालं काठिण्य, बिटमध्ये.

बटण ६०० पिक्सेल लांब आणि ४० पिक्सेल रुंद असेल तर ६०० भागिले ४० म्हणजे १५, अधिक १ म्हणजे १६, लॉग ४. काठिण्य ४ बिट. तेच बटण २०० पिक्सेल रुंद केलं तर ३ अधिक १ म्हणजे ४, लॉग २. बटण पाचपट मोठं केलं की काम निम्मं सोपं. हात न लावणाऱ्या माउसची अर्धी लढाई कॅमेऱ्यात नसून पडद्याच्या मांडणीत असते, ती या कारणाने.

काठिण्याला वेळेने भागलं की थ्रूपुट मिळतं, बिट प्रति सेकंद. आयएसओ ९२४१ या मानकात माउससारखी उपकरणं याच मापाने तपासतात. आता गंमत बघा. मान हलवून बटणापर्यंत जायला २ सेकंद लागले आणि ड्वेलसाठी १ सेकंद थांबावं लागलं. ड्वेल धरला नाही तर थ्रूपुट ४ भागिले २, म्हणजे २. धरला तर ४ भागिले ३, म्हणजे १.३३. तोच माणूस, तेच यंत्र, आकड्यात दीडपट फरक. दोन पेपरांची तुलना करण्याआधी पद्धतीच्या भागात ही एक ओळ शोधा.

आणि फिट्सचा नियम निरोगी हाताच्या सरळ हालचालीवर बसवलेला आहे. मान मधेच झटका देत असेल, तर एका बटणापर्यंतचा प्रवास तीन-चार तुकड्यांत होतो. तेव्हा सरासरी थ्रूपुटपेक्षा प्रत्येक प्रयत्नाचा मार्ग काढून बघणं जास्त सांगतं.

मराठीत मोजायचं तर

इथून पुढचा भाग तुमच्यासाठी मोकळा आहे. परदेशी पेपरांत लिहिण्याचा वेग मिनिटाला किती अक्षरं असा मोजतात. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक की. मराठीत?

'स्वातंत्र्य' हा शब्द घ्या. आपण तीन अक्षरं म्हणतो: स्वा, तं, त्र्य. इनस्क्रिप्टच्या पडद्यावरच्या कीबोर्डवर तो लिहायला ११ क्लिक लागतात: स, हलन्त, व, काना, त, अनुस्वार, त, हलन्त, र, हलन्त, य. 'धाराशिव' लिहायला सात चिन्हं, पण ध आणि श शिफ्टमध्ये असल्याने नऊ क्लिक. ड्वेल १ सेकंदाचा असेल तर जिल्ह्याचं नाव लिहिताना नुसतं थांबण्यातच ९ सेकंद गेले, मान हलवण्याचा वेळ वेगळा.

मग वेग कशात मोजायचा: अक्षरांत, चिन्हांत की क्लिकमध्ये? तिन्हीची उत्तरं वेगळी येतील. हा प्रश्न नीट मांडणं हेच एका प्रकरणाचं काम आहे. उपायाचा एक धागाही आपल्याकडेच आहे. आयआयटी मुंबईच्या आयडीसी मध्ये अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने स्वरचक्र हा कीबोर्ड केला. व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती चक्र उघडतं आणि त्यातून बाराखडीतलं रूप निवडता येतं. तो बोटासाठी आहे. ड्वेलवर किंवा एका स्विचवर तो कसा चालेल, हे तपासण्यासारखं आहे. गूगलने २०२३ मध्ये आणलेलं आणि २०२४ मध्ये अँड्रॉइडसाठी खुलं केलेलं प्रोजेक्ट गेमफेसही मीडियापाइपवरच चालतं, भुवई उचलणं किंवा तोंड उघडणं अशा हालचाली क्लिकला जोडतं, आणि भारतात त्यासाठी इनक्लूझा या संस्थेबरोबर काम झालं. म्हणजे चेहरा ओळखायचा कोड तुम्ही नव्याने लिहायची गरज उरलेली नाही. तो वेळ माणसांकडे द्या.

धाराशिवात हे काम करायचं तर

तुम्ही म्हणाल, इथे अशी माणसं मिळणार कुठे? २०११ ला जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ५७ हजार. आठ तालुके, बहुतेक वस्ती खेड्यांत. मान हलते, हात चालत नाहीत, कॉम्प्युटर किंवा मोबाइल वापरायची इच्छा आहे, अशा तीस व्यक्ती एकत्र मिळणं कठीणच. म्हणून लोक वर्गमित्रांकडे वळतात आणि तक्ता भरतात.

यावर दोन उत्तरं. अँड्र्यू सिअर्स आणि विकी हॅन्सन यांनी २०११ मध्ये नेमकी हीच चर्चा केली: अपंगत्व नसलेल्या लोकांवरच्या चाचणीतून अपंग व्यक्तींबद्दल निष्कर्ष काढता येतात का? यंत्रातले दोष काढायला वर्गमित्र चालतील, त्यांच्या आकड्यांवर उपयुक्ततेचा दावा मात्र टिकत नाही. दुसरं, तीस माणसं लागतातच असं नाही. एकल-प्रकरण रचना ही मान्य पद्धत आहे: एकाच व्यक्तीबरोबर एक दिवस ड्वेल, एक दिवस स्विच, अशी आलटून पालटून अनेक सत्रं घ्यायची आणि प्रत्येक दिवसाचा आलेख काढायचा. चार व्यक्ती, सहा आठवडे. आरआरसी मध्ये नमुना लहान का असं विचारलं, तर पद्धतीचं नाव घेऊन उत्तर देता आलं पाहिजे.

सोबतीलाही माणसं आहेत. धाराशिवला इंजिनिअरिंग कॉलेज आहे, विद्यापीठाचा उपपरिसर आहे, आणि वीस-बावीस किलोमीटरवर तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे. कोड लिहिणारा आणि घरी जाऊन माणसाशी बोलता येणारा असे दोघे मिळून हे काम होतं. एकट्याने ते अर्धवटच होईल.

घरी गेल्यावर प्रयोगशाळेत न दिसणारं बरंच दिसतं. पत्र्याच्या खोलीत उजेड दारातून येतो आणि माणूस दाराकडे पाठ करून झोपलेला असतो. कॅमेऱ्याला चेहरा काळा दिसतो. झोपलेल्या माणसाचं नाक खाली-वर कमी हलतं. अशा वेळी परदेशात जुनं असलेलं साधन बरं पडू शकतं: कपाळावर टिकलीएवढा चमकणारा ठिपका लावायचा आणि इन्फ्रारेड कॅमेऱ्याने तोच बघायचा. टिकली लावायला आपल्याकडे कोणाची ना नसते!

संमतीबद्दल एक सांगते. बोलता न येणाऱ्या व्यक्तीची सही आई किंवा भाऊ करून देतात. ती घ्याच, पण त्या व्यक्तीला थेट विचारा आणि तिची हो-नाही ची खूण काय आहे हे आधी शिका. तिने नाही म्हटलं तर उठून या. आणि सहा आठवड्यांनी लॅपटॉप उचलून आणणार असाल, तर ते पहिल्याच दिवशी सांगा. त्याहून बरं म्हणजे तिच्याच मोबाइलवर चालेल असं काहीतरी मागे राहू द्या.

यात पणाला काय लागलं आहे ते प्रस्तावनेत लिहायला विसरू नका, कारण ५४ लाखांच्या आकड्यात ते दिसत नाही. २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी परीक्षेत लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ दिला. चांगलंच आहे. पण लेखनिक परीक्षेपुरता असतो. ज्याचे हात चालत नाहीत त्याला शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना पासवर्ड दुसऱ्याला सांगावा लागतो, बँकेचा ओटीपी दुसऱ्याने वाचायचा, मैत्रिणीला लिहायचा मेसेजही वहिनीला तोंडी सांगायचा. मिनिटाला दोनच शब्द लिहिता आले, पण ते एकट्याने लिहिता आले, तर त्याचं मोल थ्रूपुटच्या रकान्यात मावत नाही. ते मोजायचा रकाना तुम्ही तयार करा: कोणती कामं आता कोणालाही न विचारता होतात?

शेवटी सिनॉप्सिसच्या शीर्षकाबद्दल. 'दिव्यांग व्यक्तींसाठी डोळ्यांनी नियंत्रित माउस' असं शीर्षक सुचलं असेल तर ते खोडा. त्यात कोण, कोणती हालचाल, कोणतं काम, यातलं काहीच नाही. त्याऐवजी असं काही लिहून बघा: 'मानेची हालचाल शाबूत असलेल्या चार व्यक्तींच्या मराठी लेखनात ड्वेल आणि स्विच या निवडपद्धतींची तुलना: सहा आठवड्यांचा एकल-प्रकरण अभ्यास'. लांब आहे, ऐकायला रुक्ष आहे. पण गाईड काय विचारणार, तुम्ही काय मोजणार आणि कोणाच्या घरी जाणार, हे तिन्ही त्यात आलं. उद्या पेपर वाचायला घ्याल तेव्हा आधी निकालाच्या तक्त्यावर जा आणि चाचणी कोणावर झाली ती ओळ शोधा. मग बाकीचा पेपर वाचा.